कोल्ह्या-मुंगसांतील पिसाळ रोग : प्रतिबंधाची सुरुवात गावातील कुत्र्यापासून

पेण तालुक्याचा खारपट्टा असो वा रोह्याकडील डोंगरपट्टा, कोल्हा आपल्याला नवीन नाही. दादर, रावे, वाशी, वढाव या बाजूला खाडीलगतच्या कांदळवनात तो राहतो, खारबंदिस्तीच्या बांधावरून फिरतो, खेकडे व उंदीर खातो. रोहा तालुक्यात चणेरा भागाकडे, १९८६ साली जाहीर झालेल्या फणसाड अभयारण्याच्या बाजूला, कोल्ह्याबरोबर मुंगूस, रानमांजर, रानडुक्कर, वानर आणि बिबट्या यांचाही वावर आहे. एरवी ही जनावरे माणसाला टाळतात. परंतु त्यांतील एखाद्याला रेबीज झाला, म्हणजे आपल्या भाषेत ते पिसाळले, की ते वस्तीत शिरते. मग गोठ्यातील बैल, अंगणातील कुत्रे आणि शेतावर निघालेला माणूस असे तिघेही एकाच दिवशी धोक्यात येतात.

पीकशास्त्र शिकविणाऱ्याने जनावरांच्या रोगावर का लिहावे, असे कोणी विचारील. वालाच्या राखणीला रात्री शेतावर झोपणारा, पहाटे उठून उन्हाळी भाताला पाणी लावणारा आणि खारबांधाला गेलेली खांड अंधारात बुजविणारा माणूस हा पीकशास्त्राचाच विषय आहे. या माणसाच्या पायाला पहाटे कोल्हा चावला, तर पुढील तासाभरात त्याने काय करावे हे त्याला ठाऊक असले पाहिजे. बियाणे आणि खत यांच्याइतकीच ही माहिती शेतावर लागते.

२०२४ च्या अखेरीस मुंबईत चेंबूर व ट्रॉम्बे परिसरात कोल्हे वस्तीत आल्याच्या घटना घडल्या आणि मृत कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज आढळला. ट्रॉम्बेची खाडी, पनवेलची खाडी आणि आपली धरमतरची खाडी यांच्या काठाने कांदळवनाचे पट्टे आहेत. जे ट्रॉम्बेच्या कांदळवनात घडले ते पेणच्या कांदळवनात घडणार नाही असे धरून चालता येत नाही. मात्र ही बातमी ऐकून कोल्ह्यांच्या मागे काठ्या घेऊन लागणे हा उपाय नव्हे. तो का नव्हे, हे रोगाची चाल समजली की लक्षात येते.

रोगाची चाल

रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे. रोगी जनावराच्या लाळेत विषाणू असतो. ते चावले, किंवा त्याची लाळ जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला अथवा तोंडाच्या आतील त्वचेला लागली, की विषाणू शरीरात शिरतो. रक्तातून न जाता तो मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. म्हणूनच चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बराच काळ जातो. माणसात हा काळ बहुधा एक ते तीन महिन्यांचा असतो, कधी त्याहून कमी, कधी जास्त. चेहरा, मान किंवा हात यांवर चावा असल्यास अंतर कमी, म्हणून धोका लवकर. मेंदूत पोचल्यावर विषाणू परत लाळग्रंथींत उतरतो आणि लाळेतून बाहेर पडू लागतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बरा करणारे औषध आजही नाही. विषाणू मेंदूत पोचण्याआधी लस देऊन त्याला अडविणे एवढाच मार्ग आहे, आणि तो मार्ग वेळेवर धरला तर खात्रीचा आहे.

शरीराबाहेर हा विषाणू फारसा टिकत नाही. ऊन, कोरडेपणा व साबण यांनी तो लवकर नष्ट होतो. गारव्यात पडलेल्या मृत जनावराच्या मेंदूत मात्र तो काही दिवस टिकू शकतो.

कोल्ह्याला रोग देतो कोण

बहुतेक ठिकाणी प्रश्न उलटा विचारला जातो. कोल्ह्यापासून कुत्र्याला काय होईल, याची सर्वांना काळजी असते. आपल्या देशात रेबीजचा विषाणू वर्षानुवर्षे टिकून राहतो तो मुख्यतः कुत्र्यांत. कुत्र्यांची संख्या मोठी, ती गावोगाव, एकमेकांच्या सतत संपर्कात. कोल्हे त्या मानाने थोडे आणि विखुरलेले. एखाद्या कोल्ह्याला पिसाळलेले कुत्रे चावले तर तो कोल्हा पिसाळतो, दुसऱ्या एक-दोन कोल्ह्यांना चावतो आणि मरतो. त्याचे घर तेवढ्यावर आटोपते. कुत्र्यांकडून पुन्हा रोग गेला नाही तर कोल्ह्यांमधील साथ बहुधा आपोआप विझते. वन्य प्राण्यांतील रेबीजचा झरा असा गावात आहे.

आता आपल्या भागात कुत्रा आणि कोल्हा कोठे भेटतात ते पाहा. जिताड्याच्या तळ्यावर राखणीला ठेवलेले कुत्रे रात्री बांधावर मोकळे असते, आणि त्याच बांधावर कोल्हा खेकड्यांसाठी येतो. गुराख्याबरोबर व लाकूडफाट्याला जाणाऱ्यांबरोबर कुत्री डोंगरात जातात. सर्वांत मोठी भेटीची जागा म्हणजे मेलेल्या कोंबड्यांचा ढीग. पेण-रोह्यात मांसल कोंबड्यांच्या शेडी झाल्या आहेत. रोजची मर लांब नेऊन ओहोळात किंवा माळावर फेकली की आपले काम संपले, असे अनेकांना वाटते. तेथे रात्री गावातील कुत्री आणि रानातील कोल्हे एकाच खाद्यावर येतात, भांडतात, एकमेकांना चावतात. माझ्या मते, आपल्या भागात वन्य प्राण्यांतील रेबीज रोखण्यासाठी शेतकऱ्याने स्वतः, उद्यापासून, कोणाची वाट न पाहता करण्यासारखे काम हेच आहे : मेलेल्या कोंबड्या उघड्यावर न टाकणे. शेडपासून व विहिरीपासून दूर, पावसाचे पाणी न साचणाऱ्या उंच जागी खोल खड्डा घ्यावा, मर टाकून वर चुना व मातीचा थर द्यावा आणि तोंडावर झाकण ठेवावे. खारपट्ट्यात जमिनीतील पाणी वर असल्याने खड्डा जमत नाही. तेथे भाताचा पेंढा किंवा तूस यांच्या थरांत मर कुजवून खत करण्याची बंदिस्त पेटी सोयीची पडते. खाटकाकडील टाकाऊ माल आणि मासळी बाजारातील घाण यांनाही हाच नियम लागू आहे.

कोल्हे मारल्याने रोग का थांबत नाही, याचे उत्तर युरोपने मोठी किंमत मोजून मिळविले. तेथे रेबीज खोकडांमध्ये पसरला होता. अनेक वर्षे बंदूक, विष व बिळात वायू सोडणे असे उपाय झाले. एक खोकड मेले की त्याची मोकळी जागा घेण्यास दुसरी येत, भांडत, आणि रोग पुढे सरके. अखेर १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यात कोंबडीच्या मुंडक्यांत लस भरून ती रानात टाकण्यात आली. खोकडांनी मुंडकी खाल्ली, त्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली आणि रोगाची वाट अडली. पुढे कारखान्यात केलेली आमिषे विमानातून टाकली जाऊ लागली आणि पश्चिम युरोपातील बहुतेक देशांतून खोकडांतील रेबीज गेला.

मग आपणही कांदळवनात अशी आमिषे का टाकू नयेत? एक तर भारतात वन्य प्राण्यांसाठी अशी मोहीम चालविली जात नाही. दुसरे म्हणजे युरोपात रोगाचा साठा खोकडांत होता, आपला साठा कुत्र्यांत आहे. झरा एकीकडे आणि बांध दुसरीकडे घालून उपयोग नाही. आपल्याशी अधिक जुळणारे उदाहरण इथिओपियातील आहे. तेथील बाले पर्वतात एक अत्यंत दुर्मीळ लांडगा राहतो. २००३ साली गुरे घेऊन डोंगरावर येणाऱ्या लोकांच्या कुत्र्यांपासून त्याच्यात रेबीज शिरला आणि वेब नावाच्या खोऱ्यातील सुमारे तीन चतुर्थांश लांडगे मेले. तातडीचा उपाय म्हणून शेजारच्या खोऱ्यांतील लांडगे पकडून त्यांना लस टोचावी लागली. कायमचा उपाय म्हणून आजूबाजूच्या गावांतील कुत्र्यांना लस देणे हेच काम तेथे चालू आहे.

मुंगसाबद्दल थोडे वेगळे सांगायला हवे. उसातील उंदीर मारण्यासाठी १८७२ साली भारतातून छोटी मुंगसे जमैका बेटावर नेण्यात आली आणि तेथून ती कॅरिबियन समुद्रातील अनेक बेटांवर गेली. उंदीर काही संपले नाहीत, पण प्वेर्तो रिको व ग्रेनाडा यांसारख्या बेटांवर आज मुंगूस हेच रेबीजचे मुख्य घर होऊन बसले आहे. आपल्या कोकणातील करडे मुंगूस ही निराळी जात आहे आणि येथे तशी स्थिती नाही. परंतु मुंगसालाही हा रोग होतो, एवढे ध्यानात ठेवावे. मुंगूस दिसणे शुभ मानतात. त्यामुळे अंगणात निर्धास्त फिरणाऱ्या मुंगसाचे कौतुक होते आणि मुले त्याला हात लावायला जातात. ते होऊ देऊ नये.

शंभरातील सत्तर

पिसाळलेले एक कुत्रे सरासरीने दोनपेक्षाही कमी कुत्र्यांना रोग देते. गोवर किंवा लाळ्या-खुरकूत यांच्या मानाने हा वेग फारच कमी आहे. म्हणून गावातील सर्व कुत्र्यांना लस मिळाली नाही तरी चालते. शंभरातील सत्तरांना मिळाली तर रोगाची साखळी तुटते. मग पन्नास का पुरत नाहीत? कारण गावातील कुत्री फार काळ जगत नाहीत. समजा, आज शंभर कुत्र्यांपैकी सत्तरांना लस दिली. वर्षभरात त्यांतील काही गाडीखाली येतील, काही रोगाने मरतील, आणि त्यांच्या जागी लस न मिळालेली पिल्ले येतील. वर्षअखेरीस लस असलेली कुत्री चाळीस-पंचेचाळीसच उरतील. सत्तरापासून सुरुवात केली तर वर्षभर आपण धोक्याच्या रेषेच्या वर राहतो. पन्नासापासून केली तर सहा महिन्यांत खाली येतो. दरवर्षी लस का, याचेही उत्तर यातच आहे.

शेजारच्या गोव्याने हे करून दाखविले आहे. तेथे सरकार व मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली. कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटला, २०१७ नंतर सलग तीन वर्षे माणसाचा एकही बळी नोंदला गेला नाही आणि २०२१ साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. देशपातळीवर २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपविण्याची कृती योजना २०२१ मध्ये आखली गेली आहे.

आपल्या गावी हे कसे करावे? पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून ग्रामपंचायतीने दिवस ठरवावा. माझी सूचना अशी की, भाताची कापणी-मळणी उरकल्यावर व वालाची राखण सुरू होण्यापूर्वी हा दिवस घ्यावा. त्या काळात माणसे मोकळी असतात आणि रानात पायवाटा उघडलेल्या असतात. आधी वाडीनिहाय कुत्र्यांची मोजदाद करावी. मालकाची कुत्री, दोन-चार घरांत मिळून खाणारी कुत्री आणि बेवारशी अशी तिन्ही मोजावीत. आदिवासी वाड्या व शेतावरची बिऱ्हाडे सुटतात, आणि रानाच्या सर्वांत जवळची कुत्री नेमकी तेथेच असतात. तळ्यांवरची व कोंबड्यांच्या शेडींवरची कुत्री मुद्दाम लिहून घ्यावीत. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी, हा नेहमीचा नियम आहे. गावमोहिमेत मात्र लहान पिल्लेही सोडू नयेत.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली पाहिजे. बर्फाच्या पेटीतून आणलेली लस उन्हात काढून ठेवली किंवा उलट बर्फात गोठली, तर टोचल्याचे समाधान मिळते, गुण मिळत नाही. टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघा-तिघांनी गावातून फेरी मारून दिसतील ती कुत्री मोजावीत. पन्नास दिसली आणि त्यांत पस्तीसांच्या पाठीवर रंग असला तर आपण सत्तर टक्क्यांवर आहोत. पंचवीसच असली तर पुन्हा एक दिवस काढावा. ज्यांना जाळे टाकून कुत्री धरायची आहेत, त्यांनी आधी स्वतः पूर्वप्रतिबंधक लशीच्या मात्रा पूर्ण करून घ्याव्यात.

कुत्री मारणे किंवा दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडणे यांनी काम बिघडते. लस घेतलेले कुत्रे मारले म्हणजे आपलीच भिंत पाडली. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणेही निर्बीजीकरण व लसीकरण केलेले कुत्रे मूळ जागीच सोडावयाचे असते.

पिसाळलेले रानजनावर

निरोगी कोल्हा माणूस दिसताच बगल देतो. पिसाळलेला कोल्हा भरदिवसा वस्तीत येतो, माणसाला भीत नाही, दिसेल त्याच्यावर धावतो, कुत्र्यांशी स्वतः होऊन भिडतो, लाकूड, दोर, दगड यांनाही चावतो. काही कोल्हे याउलट मुके होतात. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, मागचे पाय ओढले जातात, गोठ्याच्या कोपऱ्यात येऊन बसतात. हे दुसरे रूप जास्त फसवे. बिचारा आजारी आहे म्हणून कोणी पाणी पाजायला जातो, मुले काठीने डिवचतात. अशा जनावराजवळ कोणीही जाऊ नये.

तथापि दिवसा दिसलेला प्रत्येक कोल्हा पिसाळलेला नसतो. भरतीच्या वेळी कांदळवनात पाणी चढले की तो दिवसाही बांधावर येतो. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग कोल्ह्यांनाही होतो आणि त्याची लक्षणे रेबीजसारखीच भासतात. खरे काय ते मेंदूच्या प्रयोगशाळेतील तपासणीवरूनच ठरते. म्हणून आपण निदान करण्याच्या भरीस पडू नये. मुले व गुरे आत घ्यावीत, कुत्री बांधावीत आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयास कळवावे. कोल्हा, मुंगूस, तरस, बिबट्या यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. रोगी व धोकादायक झालेल्या जनावराबाबत निर्णय घेण्याचा अधिकार त्याच कायद्याने वन खात्याच्या वरिष्ठांना दिला आहे. शिवाय काठीने डोके फोडलेल्या कोल्ह्याचा मेंदू तपासणीलाही नीट मिळत नाही.

बैलाच्या तोंडात हात घालण्यापूर्वी

या लेखातील एकच परिच्छेद वाचण्यास वेळ असेल तर हा वाचावा. रात्री कोल्हा किंवा कुत्रे गोठ्यात येऊन गाय, बैल वा म्हशीला चावून जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. नाकपुडी, ओठ किंवा पाय यांवरील बारीक जखम बुजून जाते. काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, जनावर वैरण सोडते. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. गिळता येत नाही. मालकाला वाटते, घशात आंब्याची कोय किंवा खुंट अडकला. तो बाही वर सारून कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. हाताला दातांचे ओरखडे येतात आणि लाळ त्यांत जाते. घशात काहीच सापडत नाही, कारण तेथे काही अडकलेलेच नसते. रेबीजने घशाचे स्नायू लुळे पडलेले असतात.

म्हणून लाळ गाळणाऱ्या व गिळू न शकणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, नाळीने औषध पाजू नये. सोबतची इतर लक्षणे पाहावीत. आवाज बदलून घोगरे, लांबट हंबरणे, वारंवार कुंथणे, कान टवकारून एकटक पाहणे, दावणीला व खुंट्याला चावणे, धडका मारणे, माजावर आल्यासारखे करणे, आणि पुढे मागचा भाग लुळा पडून खाली बसणे ही रेबीजची चिन्हे होत. लक्षणे दिसू लागल्यावर जनावर बहुधा आठवडा-दहा दिवसांत दगावते. त्याला वेगळे, मजबूत दोरखंडाने बांधावे, जवळ जाणे टाळावे आणि १९६२ या क्रमांकावर किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. दूध टाकून द्यावे. उकळलेल्या दुधात हा विषाणू टिकत नाही, त्यामुळे चहातून दूध पोटात गेल्यास घाबरू नये. कोणी धारोष्ण दूध प्यायले असेल, किंवा कोणाचा हात तोंडात गेला असेल, त्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे.

जनावराला चावा बसल्याचे आपल्यादेखत घडले तर मात्र वाट पाहू नये. हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून जखम साबण व भरपूर पाण्याने धुवावी आणि पशुवैद्यकांकडून चाव्याच्या दिवसापासून ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी लस टोचून घ्यावी. पहिली टोचून चौथी-पाचवी विसरण्याचा प्रकार फार होतो. दिनदर्शिकेवर खुणा करून ठेवाव्यात.

माणसाला चावल्यास

कोल्हा, मुंगूस, तरस, वानर किंवा दुसऱ्या कोणत्याही वन्य सस्तन प्राण्याचा चावा हा सर्वांत गंभीर प्रकारचा मानून उपचार घ्यावयाचे असतात, मग जखम कितीही लहान असो. पाळीव कुत्रे चावल्यास त्यावर दहा दिवस लक्ष ठेवण्याची पद्धत आहे. रानजनावराबाबत तिचा काहीही उपयोग नाही, कारण ते पुन्हा सापडत नाही.

प्रथम जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण जळजळणाऱ्या जखमेला दोन मिनिटेही पंधरा वाटतात. शेतावर नळ नसतो, पण पंप असतो, कालवा असतो, डब्यातले पाणी असते. साबणाची एक वडी शेतघरात कायम ठेवावी. तिखट, चुना, हळद, तंबाखू, राख, झाडपाला यांपैकी काहीही जखमेत भरू नये, जखम घट्ट बांधू नये. टाके शक्यतो टाळले जातात. नंतर लगेच दवाखाना गाठावा. पेण व रोहा येथील उपजिल्हा रुग्णालये आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालय ही आपल्याला जवळची. चावा रानजनावराचा आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा जखमेत लशीबरोबरच रेबीज इम्युनोग्लोब्युलिन नावाचे तयार प्रतिकारद्रव्य जखमेत व तिच्या भोवती टोचावे लागते. लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास आठवडा-दोन आठवडे लागतात, तोपर्यंतची राखण हे द्रव्य करते. जुन्या पिढीच्या मनात पोटात घ्यावयाच्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून आहे. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्या देशात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच भेटींत लस दिली जाते. गरोदर स्त्री व तान्हे मूल यांनाही ती देता येते. भेटी सर्व पूर्ण कराव्यात.

मेलेले जनावर व नुकसान भरपाई

रेबीजचा संशय असलेले मृत जनावर उघड्या हाताने ओढू नये, कातडे काढू नये, मांस कोणालाही देऊ नये. कोल्हा असल्यास वन विभागाला, गुरे असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्यात रेबीजचा समावेश असल्याने अशी खबर देणे मालकाचे कर्तव्यही आहे. नमुना घ्यावयाचा असल्यास तो तेच घेतील व बर्फात ठेवून प्रयोगशाळेकडे पाठवतील. आपण एवढेच करावे की त्यांनी येईपर्यंत मृत जनावर सावलीत झाकून ठेवावे आणि कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नये. नंतर ते माणूसभर खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. लाळ सांडलेली गव्हाण व खुंटा साबणाच्या पाण्याने धुऊन उन्हात तापू द्यावा.

माणूस जखमी झाल्यास अथवा पाळीव जनावर दगावल्यास राज्य शासनाकडून अर्थसाहाय्य मिळते आणि त्यासाठीच्या वन्य प्राण्यांच्या यादीत कोल्ह्याचाही समावेश आहे. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वन कर्मचाऱ्यांना कळवून पंचनामा करून घ्यावा, दवाखान्याचे कागद व लशीची चिठ्ठी जपून ठेवावी. चावा झाला त्या वेळी कळविले नाही आणि दोन महिन्यांनी बैल पिसाळून मेला, तर तो कोल्ह्यामुळेच मेला हे सिद्ध करणे कठीण जाते. तेव्हा गोठ्यात कोल्हा शिरल्याची खबर, जनावराला वरवर काही झालेले दिसले नाही तरी, त्याच दिवशी द्यावी.